चौथ्या पिढीचा आय-थ्री, डेबियन १३: केबल, सेल, वाय-फाय आणि अर्थिंग

गेल्या नोंदीत हा लॅपटॉप ‘इन्स्टॉल होतो, पण मध्येच अडकतो’ इथपर्यंत आला होता. आता तो दिवसभर न अडकता चालतोय. मधल्या काळात चार दोष सापडले आणि त्यातला एकच लिनक्सशी संबंधित निघाला. बाकीचे तीन तांब्याच्या तारेत, तीन व्होल्टच्या सेलमध्ये आणि घराच्या वायरिंगमध्ये होते. चारही दोषांवर मला आधी मिळालेला सल्ला मात्र एकच होता: सगळं पुसून पुन्हा टाक, नाहीतर दुसरी डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) घे. त्या सल्ल्याने यातलं काहीही सुटलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मशीन तेच. २०१४ च्या सुमाराचं, हॅसवेल (म्हणजे इंटेलची चौथी पिढी) आय-थ्री, ४ जीबी रॅम, मूळ ५०० जीबीची हार्डडिस्क काढून बसवलेली २५६ जीबीची साटा एसएसडी. ट्रिक्सी म्हणजे डेबियन १३ हे लिनक्स, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं, त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. मावसबहिणीला कॉलेजसाठी द्यायचाय, त्यामुळे ‘माझ्याकडे चालतो’ एवढं पुरेसं नाही. तिच्याकडे, मी शेजारी नसताना, चालला पाहिजे.

रॅमवरचा संशय आधीच फिटला. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर लावून ठेवलं, सकाळी एकही चूक नव्हती. या पिढीच्या लॅपटॉपला रॅम वाढवणार असाल तर १.३५ व्होल्टची, म्हणजे डीडीआर-थ्री-एल, बघूनच घ्या. साधी १.५ व्होल्टची पट्टी खाचेत व्यवस्थित बसते, पण मशीन ती घेत नाही, आणि दुकानात दोन्ही एकाच डब्यात पडलेल्या असतात.

आता मुख्य गोष्ट, अडकण्याची.

लक्षण असं: मोठी फाइल कॉपी करताना किंवा अपडेट चालू असताना माऊस हलतोय, पण बाकी सगळं थिजलेलं. अर्ध्या मिनिटाने मशीन पुन्हा जागं होतं, जणू काही झालंच नाही. ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांनी एसएसडी गेली असं सांगितलं. ऐकायला पटतं, पण एसएसडी गेली हे एसएसडीकडूनच ऐकायला हवं. ते विचारायची सोय प्रत्येक लिनक्समध्ये आहे.

पहिलं, कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) नोंद. टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल, त्याला ‘के’ आणि ‘एफ’ हे दोन पर्याय, आणि दुसरीकडे मोठी फाइल कॉपी करायला लावायची. मशीन अडकलं त्याच क्षणी ओळी धडाधड उतरल्या: एटीए-१ (डिस्कची जोडणी) वर एक्सेप्शन, मग ‘इंटरफेस फेटल एरर’, मग ‘बॅड-सीआरसी’, मग ‘हार्ड रिसेटिंग लिंक’. असं काही वेळा झाल्यावर एक ओळ आली जिने माझं सगळं लक्ष वेधलं: ‘लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू ३.० जीबीपीएस’. हॅसवेलचं साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, ६ गिगाबिटचं असतं. त्या वेगाला तारेवरून येणारी माहिती भरवशाची नाही असं कर्नलला दिसलं आणि त्याने स्वतःहून वेग निम्म्यावर आणला.

दुसरं, डिस्कची स्वतःची नोंदवही, म्हणजे स्मार्ट. स्मार्टमॉनटूल्स टाकायचं, स्मार्टसीटीएल चालवायचं, पर्याय छोटा ‘ए’. त्या लांबलचक तक्त्यात मी चार आकडे पाहतो. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्याने बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळलेले, १९८ म्हणजे दुरुस्तच न होणारे, आणि १९९ म्हणजे सीआरसी चुका. (सगळ्या एसएसडी हे सगळे क्रमांक देतात असं नाही, ही देते.) माझ्याकडे पहिले तिन्ही शून्य, आणि १९९ मात्र चांगला फुगलेला.

इथे थोडं थांबतो, कारण या १९९ ने किती चांगल्या डिस्का भंगारात गेल्या असतील कोण जाणे. डिस्क आणि मदरबोर्ड एकमेकांना माहिती पाठवतात तेव्हा प्रत्येक गठ्ठ्यासोबत एक पडताळणीचा आकडा जातो. पोचलेल्या गठ्ठ्यावरून तो आकडा पुन्हा काढला आणि जुळला नाही, तर वाटेत काहीतरी बिघडलं. १९९ हा त्या वाटेतल्या बिघाडांचा मोजणारा. डिस्कच्या पोटात काय चाललंय याबद्दल तो काही बोलत नाही. आणि तो कधीच खाली येत नाही, त्यामुळे नुसता आकडा मोठा असून उपयोग नाही, तो वाढतोय का ते पाहायचं. मी आकडा लिहून ठेवला, पूर्ण डिस्क एकदा वाचून काढली, पुन्हा पाहिला. वाढला होता.

तरी लगेच केबलवर झडप घातली नाही. सीआरसी चुका आणखी एका कारणाने येतात: वीज वाचवण्यासाठी साटा लिंक झोपवण्याची सोय, जी काही एसएसडींना मानवत नाही. ती बंद करणं सोपं आहे. सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग फाइलींच्या रूपात दिसतात तिथे) स्कझी-होस्टच्या खाली ‘लिंक पॉवर मॅनेजमेंट पॉलिसी’ नावाची फाइल असते, तिच्यात ‘मॅक्स परफॉर्मन्स’ लिहायचं. लिहिलं, चुका चालूच राहिल्या. मग तीच एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या मशीनवर संपूर्ण वाचली. एकही अडखळ नाही, १९९ जागचा हलला नाही. आता राहिली फक्त डिस्क मदरबोर्डला जोडणारी लॅपटॉपमधली चपटी रिबन केबल आणि तिचे कनेक्टर.

कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. खोडरबरने घासायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, पण रबराचा भुगा बारीक कनेक्टरच्या फटीत अडकतो, म्हणून मी ती साटाच्या सॉकेटला वापरत नाही. फरक पडला नाही. मग केबल काढून खिडकीशी उजेडात धरली. जिथे ती डिस्कच्या पत्र्याच्या कडेवरून वळते, तिथे वरचा पातळ थर घासून पांढुरका झालेला, आणि त्या वळणावर आडवी एक सुरकुती, केसाएवढी. आधी कुणीतरी डिस्क काढताना केबल ओढली असणार. बोटाने ती सुरकुती किंचित दाबून धरली की चुका थांबायच्या, सोडली की सुरू. एवढा स्पष्ट पुरावा या छंदात फार क्वचित मिळतो.

केबलवर छापलेला पार्ट नंबर उतरवून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या ओळखीच्या दुकानात पाठवला. मॉडेलचं नाव सांगून मागवू नका, एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या केबली सापडतात. ती येईपर्यंत बूटच्या ओळीत ‘लिबएटीए.फोर्स’ वापरून लिंक सुरुवातीपासूनच ३ गिगाबिटला बांधून टाकली. त्या वेगालाही सेकंदाला ३०० एमबीपर्यंतची वाट मोकळी असते, रोजच्या कामात फरक जाणवत नाही, आणि अडकणं जवळजवळ बंद झालं. हा उपचार तात्पुरताच होता. नवी केबल बसवताना पत्र्याच्या त्या कडेवर कॅप्टॉन टेपची (पातळ, चिवट चिकटपट्टीची) पट्टी लावली आणि बूटची ओळ काढून टाकली. ६ गिगाबिट, आणि १९९ त्या दिवसापासून तसाच.

वाय-फायची गोष्ट वेगळ्या जातीची, हीच ती खरी लिनक्सची. एलएसपीसीआयला दोन ‘एन’ आणि ‘के’ लावून विचारलं की कार्डाची ओळख दिसते: १४ई४:४३६५, म्हणजे ब्रॉडकॉमचं बीसीएम ४३१४२. कर्नलमधले मुक्त ड्रायव्हर याला हात लावत नाहीत, त्याला ‘डब्ल्यूएल’ हा बंदिस्त ड्रायव्हरच लागतो. डेबियन १२ पासून इन्स्टॉलर फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) सोबत आणतो, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की आता सगळी कार्डं आपोआप चालतील. पण डब्ल्यूएल हे फर्मवेअर नाही, तो अख्खा ड्रायव्हर आहे आणि ‘नॉन-फ्री’ या वेगळ्या विभागात राहतो. तो विभाग आपण चालू करायचा, मग ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस आणि त्यासोबत लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ टाकायचं. हे दुसरं पॅकेज विसरू नका. हेडर्स नसतील तर पुढच्या कर्नल अपडेटनंतर ड्रायव्हर बांधला जात नाही आणि वाय-फाय एके सकाळी गायब होतं.

नेटचा ड्रायव्हर टाकायला नेट हवं, यावर उत्तर खिशातच असतं. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करायचं. लिनक्सला त्यासाठी वेगळं काहीच लागत नाही.

सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) चालू असल्याने पहिल्या फटक्यात ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं. अनेक जण इथे सिक्युअर बूट बंद करतात. मला ते करायचं नव्हतं, मशीन दुसऱ्याच्या हातात जाणार आहे. डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर बांधणारं साधन) सही करायची स्वतःची किल्ली बनवलेलीच असते. मोकयुटिल या आज्ञेने ती नोंदवायची, एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा, रीबूटला निळा पडदा येतो तिथे ‘एनरोल’ निवडून तोच पासवर्ड टाकायचा. तो पडदा काही सेकंदच थांबतो, म्हणून रीबूट करताना समोर बसून राहा.

याच टेदरिंगच्या वेळी तिसरा दोष वर आला. फोन जोडल्या जोडल्या एपीटी (डेबियनचं पॅकेज आणणारं साधन) अपडेट चालवलं, तर ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’. अर्ध्या मिनिटाने तीच आज्ञा दिली, बिनतक्रार चालली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. आपोआप बरे होणारे दोष मला सगळ्यात जास्त छळतात, कारण ते सोडून द्यावेसे वाटतात. जर्नलमध्ये टाइमसिंकडीची (नेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेची) ओळ होती: घड्याळ मागे गेलेलं आढळलं, आधी नोंदवून ठेवलेल्या वेळेवर आणलं. म्हणजे मदरबोर्डचं घड्याळ रोज मरत होतं. सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारा भाग) शेवटची माहीत असलेली वेळ लावून बूट करत होतं, मग नेट मिळालं की खरी वेळ येत होती. त्या मधल्या फटीत एपीटीला सर्व्हरवरची फाइल ‘उद्याची’ दिसायची. सीआर-२०३२ सेल काढून मल्टिमीटरने मोजला, ३ व्होल्टच्या जागी २ सुद्धा नव्हते. लॅपटॉपमधला सेल वायर आणि छोट्या कनेक्टरसकट येतो, तसाच तयार घ्या. साध्या सेलला घरी झाळकाम करून वायर जोडू नका, लिथियम सेलला ती उष्णता सोसत नाही.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर ठेवणाऱ्यांसाठी: तुमचं घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेलला दोष देऊ नका. लिनक्स मदरबोर्डवर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ धरतं, आणि आपला फरक नेमका तेवढाच आहे.

चौथा दोष टचपॅडचा, आणि तो माझ्या सगळ्यात आवडीचा. चार्जर लावला की पॉइंटर उड्या मारायचा. जर्नलमध्ये लिबइनपुटची (माऊस-टचपॅड सांभाळणाऱ्या भागाची) ओळ यायची: ‘कर्नल बग: टच जंप डिटेक्टेड अँड डिस्कार्डेड’. ‘कर्नल बग’ हे शब्द वाचल्यावर कुणीही कर्नल बदलायला धावेल. पण बॅटरीवर असताना एकही उडी नाही, आणि तोच चार्जर मित्राच्या दुकानात लावला तरी नाही. फक्त आमच्या घरच्या त्या एका बोर्डवर. शिवाय तिथे चार्जिंगला असताना लॅपटॉपच्या धातूच्या पट्टीवरून मनगट फिरवलं की हलक्या झिणझिण्या यायच्या.

टचपॅड बोटामुळे होणारा विजेचा अतिशय सूक्ष्म बदल मोजतं. चार्जरच्या आतल्या गोंगाट गाळणाऱ्या कपॅसिटरची वाट अर्थिंगकडे जाते. अर्थिंगच नसेल तर तो गोंगाट लॅपटॉपच्या अंगावर तरंगत राहतो आणि टचपॅडला तिथे बोट असल्यासारखं वाटतं. आमच्या वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी फेज आणि अर्थ यांच्यात मीटर लावला. जवळजवळ २३० दिसायला हवं तिथे आकडा तरंगत होता. बोर्ड उघडल्यावर हिरवी वायर अर्थच्या पिनेपासून सुटून बाजूला पडलेली.

“फॅन चालतो, टीव्ही चालतो, म्हणून कुणी बघत नाही,” ते म्हणाले. “खड्ड्यात पाणी घालता का उन्हाळ्यात?”

आमच्याकडे सगळा जांभा, उन्हाळ्यात कोरडाठाक. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायची आठवण त्यांनीच घरच्यांना करून दिली. वायर जोडली, झिणझिण्या गेल्या, टचपॅड शांत झालं. कर्नलला हातही लावावा लागला नाही. कुणाचं टचपॅड फक्त चार्जरवर वेडावाकडं वागत असेल, तर कॉन्फिग फाइल उघडण्याआधी दुसऱ्या घरी नेऊन बघा. बोर्ड मात्र स्वतः उघडू नका, ते काम वायरमनचंच. आणि तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसू नका, त्याने अर्थची पिनच बाद होते.

मराठी टायपिंग लगेच झालं. टायपिंगसाठी आयबस आणि एम१७एन ही साधनं, इनस्क्रिप्ट कळपाट. ‘दऱ्या’ नीट उमटतो का हे मी प्रत्येक मशीनवर तपासतो: शिफ्ट-जे ने ऱ, मग डी ने हलंत, मग तिरक्या रेघेच्या कळीवर य. पडद्यावर आणि छपाईच्या पीडीएफमध्ये दोन्हीकडे बरोबर आला.

राहिलंय ते असं. ४ जीबी रॅम बहिणीच्या ब्राउझरला कमी पडणार, झेडरॅम (रॅममधली माहिती दाबून जागा वाचवणारी सोय) लावलंय, त्याचा अनुभव पुढच्या नोंदीत. डब्ल्यूएल चालतोय, पण मला तो या मशीनमध्ये कायमचा नकोय. अथेरॉसचं एथ९के ड्रायव्हरवर चालणारं जुनं कार्ड मिळालं तर बदलणार, त्याला बंदिस्त फर्मवेअरही लागत नाही. त्याआधी या मशीनचं बायोस परकं कार्ड स्वीकारतं का ते पाहावं लागेल, काही कंपन्यांनी ठरावीक कार्डांची यादीच आत घालून ठेवलेली असते. आणि झाकण मिटून झोपवलं की लॅपटॉप थोड्या वेळाने स्वतःच जागा होतो. प्रॉक-एसीपीआयमधल्या ‘वेकअप’ फाइलमध्ये एक्सएचसी आणि ईएचसी (यूएसबीचे कंट्रोलर) दोन्ही ‘एनेबल्ड’ दिसतायत, म्हणजे यूएसबीवर पहिला संशय. एकेक बंद करून बघतोय, सध्या एक्सएचसी बंद आहे. हॅसवेल लॅपटॉपवर हा प्रकार कुणी सोडवला असेल तर कोणती नोंद बंद केली ते जरूर सांगा, आणि झाकणाचा सेन्सर तपासला होता का तेही.