किनाबातांगन: दोन रात्री, पाच फेऱ्या, शून्य हत्ती

हत्ती दिसले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण बोर्निओहून आल्यापासून जो तो पहिलं तेच विचारतोय. तिथले हत्ती आपल्याकडच्या हत्तींपेक्षा लहान चणीचे. कळप किनाबातांगन नदीच्या काठाने वर-खाली फिरत असतात. मी पोचले तेव्हा कळप बराच वर निघून गेला होता. काठावरच्या चिखलात पावलांचे खड्डे तेवढे पाहिले, पाणी भरलेले. बुकिंगच्या आधी मुक्कामाच्या ठिकाणी सरळ विचारा, "या आठवड्यात हत्ती कुठे आहेत?" बहुतेक जण खरं सांगतात.

जागा म्हणजे बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या साबाह राज्यातलं सुकाऊ गाव. क्वालालंपूरहून संदाकनला थेट विमान आहे, तिथून रस्त्याने दोन-अडीच तास. देशातल्या देशात उडत असलात तरी साबाहमध्ये उतरल्यावर पासपोर्ट पुन्हा तपासतात, तेव्हा तो बॅगेच्या तळाशी कोंबू नका.

संदाकन सोडलं की तेलमाडांच्या रांगा सुरू होतात आणि संपता संपत नाहीत. आपल्या फरसाणाच्या पुड्यावर बारीक अक्षरात 'पामोलिन' लिहितात ना, ते तेल या झाडांचं. तासभर तेच बघून मला चक्क डुलकी लागली. नदीवर गेल्यावर मात्र त्या रांगांचा अर्थ लागला. किनाबातांगन ५६० किलोमीटर लांब, पण खालच्या भागात जंगल उरलंय ते काठालगतच्या पट्टीपुरतं. २००५ साली जाहीर झालेलं अभयारण्य २६,००० हेक्टरांचं, तेही दहा तुकड्यांत. बोटीच्या दोन तासांच्या फेरीत एवढे प्राणी दिसतात, कारण त्यांना मागे सरकायला जागाच नाही. काही वळणांवर झाडांच्या फटींतून मळा दिसतो. माकडांचे फोटो काढताना तो चौकटीत येऊ नये म्हणून सगळे धडपडत होते, मीही.

नावाडी गावातलाच, ओरांग सुंगाई समाजाचा, म्हणजे शब्दशः 'नदीची माणसं'. मी त्याला अबांग म्हणायचे, म्हणजे दादा. तो मला 'काक' म्हणायचा. त्याचा अर्थ ताई, पण मराठी कानाला दर वेळी कावळाच ऐकू यायचा.

पहिल्या संध्याकाळी चार वाजता मेनांगुल या उपनदीत शिरलो. अबांगने मोठं इंजिन बंद करून बॅटरीवरची छोटी मोटर लावली आणि एकदम पानं हलल्याचा आवाज ऐकू यायला लागला. लांबनाकी माकडं संध्याकाळी झोपायला पाण्यालगतच्या झाडांवर येतात आणि सकाळी उजाडल्यावर आत निघून जातात. म्हणून माकडांसाठी संध्याकाळची फेरी सोडू नका. नराचं नाक पिकल्या वांग्यासारखं तोंडावर लोंबतं. पान खाताना त्याने ते हाताने बाजूला सारलेलं मी पाहिलं, जेवताना आजोबा मिशा सावरतात तसं. ढेरीही मोठी. कोवळी पानं आणि कच्ची फळं आंबवून पचवणारं पोट आहे ते, पिकलेलं गोड फळ त्याला सोसत नाही. मलय भाषेत याला 'ओरांग बेलांदा' असंही म्हणतात, म्हणजे डच माणूस. गोऱ्या साहेबाच्या नाकावर आणि पोटावर काढलेला राग असावा.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा बोटीत. नदीवर दुधासारखं धुकं, गिबन वानराची हाक लांबून येत होती. अबांगने बोट थांबवून वर बोट दाखवलं: ओरांगउटान, रात्रीच्या घरट्यातून उठून बसलेला. मी दुर्बीण डोळ्याला लावली तर सगळं पांढरं! रात्रभर एसीच्या खोलीत ठेवलेली काच बाहेरच्या दमट हवेत आली की वाफ धरते. पुसली, पुन्हा धरली. पाच-सात मिनिटं मी काच पुसत होते, शेजारची बाई "ओह, ओह" करत होती. धुकं निवळेपर्यंत एक लालसर पाठ फांदीआड जाताना दिसली, तेवढीच. तेव्हा कॅमेरा आणि दुर्बीण रात्री व्हरांड्यात ठेवा, किंवा निघण्याच्या अर्धा तास आधी तरी बाहेर काढा.

धनेशाने कसर भरून काढली. बोर्निओतल्या धनेशाच्या आठही जाती इथे आहेत, मला चार दिसल्या. मी चिपळूणची, धनेशाच्या पंखांचा तो इंजिनासारखा आवाज ओळखीचा. मगरींचं मात्र आमच्या वाशिष्ठी नदीतल्या मगरींवरून ठरवू नका. इथली मगर खाऱ्या पाण्यातल्या जातीची आहे आणि माणसाला धरते. बोटीबाहेर हात सोडायचा नाही. धक्क्याच्या खांबांवर पुराच्या खुणा पाहिल्या आणि चिपळूणच्या महापुराचा २२ जुलै २०२१ आठवला. अबांगला मोबाइलवर आमच्या बाजारपेठेचे फोटो दाखवले, तो बराच वेळ बघत राहिला. इथे डिसेंबर-जानेवारीत पाणी चढतं, तो काळ टाळा. मी सप्टेंबरमध्ये गेले, तरी रोज एक सर होतीच. बोटीत छत्री निरुपयोगी, पोंचो घ्या.

एकट्याने जाणाऱ्यांना खोलीचं जादा भाडं झोंबतं. मी गावातल्या घरगुती मुक्कामाचा पर्याय घेतला. बोटीत अनोळखी चौघे असतातच, त्यामुळे फेरीचे पैसे वाटले जातात. बाई म्हणून एकटं राहताना मला कुठे अवघडल्यासारखं झालं नाही. एकच रात्र मात्र राहू नका. दोन रात्रींत पाच फेऱ्या होतात आणि त्यातली एखादी पावसात जाते. माझी रात्रीची फेरी तशीच गेली. एक घुबड, चिंब आणि वैतागलेलं, बस्स. रोख पैसे संदाकनमधूनच काढून न्या.

शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. पालेभाजीतही बेलाचान, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा, असतो. मला वासावरून घरच्या सुकटीची आठवण आली आणि मी खुशाल खाल्ली, पण तुम्हाला चालत नसेल तर 'तान्पा बेलाचान, तान्पा इकान', म्हणजे बेलाचानशिवाय, माशांशिवाय, हे पाठ करून जा.

जंगलवाटेवर जळवा आहेत, मोजे पँटवरून ओढून घ्या. वाटेतली गोमांतोंग गुहा पाकोळ्यांच्या घरट्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण आत जमिनीवर झुरळांचा गालिचा असतो, सँडल घालून जाऊ नका. आणि ओरांगउटान नीट पाहायचाच असेल तर परतीच्या वाटेवर सेपिलोकच्या ओरांगउटान पुनर्वसन केंद्रात थांबा. तिथे सकाळी १० आणि दुपारी ३ वाजता त्यांना खायला घालतात. मी दहाची वेळ गाठली. दुर्बीण या वेळी गळ्यातच होती.