पहिल्या पाळीची वेळ

मंगळवार, रात्री सव्वाअकरा

अण्णा सापडले. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे बाकीचं लिहिता येईल.

अण्णा म्हणजे माझे वडील. डिमेन्शिया झालाय त्यांना, म्हणजे विसरण्याचा आजार, म्हणून त्यांना सांभाळ केंद्रात ठेवलंय. पहाटे पाचच्या सुमाराला ते केंद्राच्या फाटकातून बाहेर पडले. पळून नाही, भिंतीवरून उडी मारून नाही. पांढरा शर्ट, पायात चपला, पाणी लावून बसवलेले केस आणि बगलेत डबा धरावा तशी टॉवेलची घट्ट घडी. वॉचमन मामांना म्हणाले, "उघडा हो, पहिली पाळी आहे." मामांनी उघडलं. मला फोन आला सव्वासातला. म्हणजे दोन तास त्यांची खाट रिकामी होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

मी आणि दादा दोन गाड्यांवर दोन दिशांना निघालो. आठच्या पुढे सात रस्त्याजवळ एका चहाच्या गाड्यापाशी बाकड्यावर बसलेले दिसले. चहावाल्यानं त्यांना बशीत चहा ओतून दिला होता आणि हलू देत नव्हता. "भोंगा अजून कसा झाला नाही, असं सारखं विचारतायत," तो म्हणाला. मी त्याच्या पाया पडायचीच बाकी होते. सध्या सोलापुरात पारा त्रेचाळीसच्या खाली येत नाही. हेच दुपारी घडलं असतं तर, हा विचार दिवसभर पोटात कालवतोय.

अण्णा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. मिल बंद पडून तीस वर्षं होत आली. अण्णांची पाळी मात्र अजून चालू आहे.

मामांना जाब विचारायचा म्हणून मी तावातावानं फाटकावर गेले होते. ते उभेच राहिले, हात जोडून. "ताई, माणूस साहेबागत दिसत होता. कुणाचे तरी वडील भेटायला आले असतील असं वाटलं. पेशंट कोण, भेटायला आलेलं कोण, मला कुणी दाखवलंच नाही." दहा दिवसांपूर्वी कंत्राटदारानं त्यांना इथं पाठवलंय. बारा तासांची ड्युटी, एक खुर्ची आणि एक किल्ली. आत राहणाऱ्यांचे फोटो त्यांच्याकडे नाहीत. त्यांच्यावर काय ओरडणार?

ऑफिसात मॅनेजरनी माझ्यासमोर हमीपत्र ठेवलं. रुग्ण आवाराबाहेर गेल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. खाली माझी सही. दाखल केलं त्या दिवशी मी ते वाचलंही नव्हतं, नुसती पानं उलटत सह्या केल्या होत्या. पण सही घेतली म्हणून जबाबदारी संपते का? दर महिन्याला पैसे घेता ते सांभाळण्याचेच ना? हे मी त्यांना तोंडावर विचारलं.

मग त्यांनी पुढचं पान उलटलं. "रुग्णाच्या सवयी" असा रकाना होता. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: विशेष काही नाही.

बावन्न वर्षं ज्यांच्या घरात वावरले, त्यांच्याबद्दल मी असं लिहिलं. पहाटे साडेचारला उठून अंघोळ करणारा, भोंग्याआधी उंबरा ओलांडणारा माणूस. मला ती सवय वाटलीच नाही, इतकी ती घरातलीच होती.

त्यावर मॅनेजरचा उपाय असा, की रात्री हात खाटेला सैलसर बांधू, नाहीतर डॉक्टरांकडून शांत राहायची गोळी वाढवून घ्या. रात्री बावीस जणांमागे दोनच मावश्या असतात, आम्ही तरी काय करणार. दादा मान हलवायला लागला होता. मी नाही म्हटलं. बांधलेला माणूस सुटायची धडपड करतो, पडतो आणि कमरेचं हाड मोडून घेतो. एका कुशीवर पडून राहिला की पाठीला जखमा होतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय, की कर्मचारी कमी आहेत एवढ्या कारणासाठी रुग्णाला बांधून ठेवता येणार नाही. आणि गोळ्यांचं म्हणाल, तर डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्या माणसांना मनोविकारावरची काही औषधं दिल्यावर मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2005 मध्येच दिला होता. कधी कधी ती द्यावीही लागतात, ते डॉक्टरांनी तपासून ठरवावं. फाटक नीट सांभाळता येत नाही म्हणून नव्हे.

बोलणं चालू असताना पलीकडच्या खोलीतून एक आजी सारख्या हाका मारत होत्या. "नीळ्ळु, नीळ्ळु." जन्मभर विड्या वळल्या त्यांनी. अजूनही पदराचं टोक दोन बोटांत धरून वळत असतात. पूर्वी मराठी चांगलं बोलायच्या, आता फक्त तेलुगू उरलंय. ड्युटीवरची मावशी मंगळवेढ्याकडची, तिला वाटलं आजी कुणा नीलूला बोलावतायत. मी उठून पाणी दिलं. दोन पेले घटाघटा प्यायल्या. निम्म्या गावाला तेलुगू येतं अशा शहरात एक म्हातारी तहानलेली राहते, या उन्हात! मी त्यांच्या खाटेवर मोठ्या अक्षरात लिहून आले: नीळ्ळु म्हणजे पाणी.

संध्याकाळी पुन्हा बसलो. आत राहणाऱ्या प्रत्येकाचा फोटो उद्यापासून फाटकाच्या खोलीत राहील. दार उघडलं की आत घंटा वाजेल. रात्री दर तासाला खाटा बघून वहीत वेळ लिहायची. तिसऱ्या मावशीचं "बघू" म्हणाले. मी ते सोडणार नाही, बाकीच्या घरच्यांनाही फोन करणार आहे. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरात साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे. म्हणजे ही तक्रार माझ्या एकटीच्या घरची नाही.

2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगितलाय, नाहीतर दोन्ही. मी सोडलेलं नाही, दर रविवारी जाते. तरी तो रकाना डोळ्यांपुढून हलत नाही.

तो आज नव्यानं भरला. पानं पुरली नाहीत, पाठकोरे कागद जोडले. चहा बशीतूनच. कडक भाकरी आता दुधात कुस्करून द्यायची, नाहीतर ठसका लागतो. उजव्या कानानं कमी ऐकू येतं, डावीकडून बोलायचं. साडेचारला जाग येते, तेव्हा कुणीतरी जवळ असावं.

आणि फाटकाशी आले तर त्यांना काय सांगायचं? मी लिहिलं होतं, "आज गिरणीला सुट्टी आहे." मग वाटलं, विचारून घ्यावं. अण्णांच्या खात्यातल्या एका काकांना रात्री नऊला फोन लावला. त्यांचंही वय ऐंशीच्या घरात, पण आवाज खणखणीत. सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ बोललेच नाहीत.

"सुट्टी म्हणू नको पोरी," ते म्हणाले. "सुट्टीचा वार त्याला तोंडपाठ असणार, फसायचा नाही. पाळी बदलली म्हण. दुपारची झालीय म्हण. तसं व्हायचं अधूनमधून. मग तो माघारी जाऊन झोपायचा."

तेच पुठ्ठ्यावर लिहिलंय, मामांसाठी. पहाटे चारला निघायचंय. उद्या त्यांच्याजवळ मीच बसणार आहे.