लाईनदोरी

‘लाईन’ हा इंग्रजी शब्द आहे असं आमच्याकडे एखाद्या आप्पांना सांगितलं, तर ते आधी तुमच्याकडे बघतील आणि मग बल्बकडे. खान्देशात लाईन म्हणजे वीज. "लाईन गयी का रे भो?" असं एका ओट्यावरून विचारायचं आणि पलीकडच्या ओट्याने "आमनी बी गयी" म्हणायचं, की जीव भांड्यात पडतो. एकट्याचीच गेली तर फ्यूज बघावा लागतो, सगळ्यांची गेली तर गप्पा मारता येतात.

रावेर-यावलकडे केळीवाल्यांची लाईन आणखी वेगळी. "या आठवड्यात आपली रात्रीची लाईन आहे" म्हणजे मोटारीची थ्री फेज रात्री मिळणार. मग बॅटरी घेऊन, साप-बिबट्याचा अंदाज घेत बागेत जायचं. विहिरीपासून शेतापर्यंत पाण्याचीही लाईनच टाकलेली असते, म्हणजे एका लाईनीने दुसऱ्या लाईनीत पाणी ढकलायचं. आणि हे सगळं दुरुस्त करणारा माणूस कागदावर लाईनमन असला तरी गावात वायरमनच! का, ते विचारू नका.

बाकीचे अर्थ तुम्हाला माहीत आहेतच. रेशनची लाईन, पोलीस लाईन, फोनची न लागणारी लाईन, बोलरची लाईन, कॉलेजच्या गेटवर मारायची लाईन. पीकविम्याचा फॉर्म ऑनलाईन झाल्यापासून तो भरायला केंद्राबाहेर लाईन लागते, आणि नंबर आला की लाईन जाते. हे वाक्य समजायला खान्देशी माणसाला अर्धा सेकंदही लागत नाही.

एवढा पसारा मांडणाऱ्या या शब्दाचं मूळ मात्र एका रोपात आहे, आणि ते रोप आपल्या चटणीत असतं. जवस. लॅटिनमध्ये जवसाला ‘लिनुम’ म्हणतात. त्याच्या खोडापासून निघणाऱ्या धाग्याची दोरी ती ‘लिनेआ’, आणि तिचीच पुढे लाईन झाली. जळगावच्या फुले मार्केटात टांगलेला लिननचा शर्ट आणि कोटाच्या आतलं लायनिंग ही तिचीच भावंडं. लायनिंगला पूर्वी लिननच वापरत, म्हणून ते नाव. आपण जवस पेरतो ते बहुतेक बियांसाठीच. सुताच्या भानगडीत कापूस असताना कोण पडणार?

दोरी ताणली की सरळ रेघ मिळते, रेघेवरून ओळ, ओळीवरून रांग, रांगेवरून रस्ता, रस्त्यावरून धंदा. शब्द असा पुढे सरकत गेला. मजा म्हणजे आमचे बांधकामाचे मिस्तरी अजून पहिल्या अर्थालाच धरून आहेत. विटांचा थर लावताना दोन टोकांना खिळे ठोकून ते जी दोरी ताणतात तिला म्हणतात लाईनदोरी. म्हणजे दोरीदोरी! लॅटिन पंडिताला कळलं तर तो हसेल, पण भिंत सरळ उभी राहते.

आणि भिंत सरळ आली की तेच मिस्तरी काय म्हणतात? "सुतात आहे." तिथे मी अडकलो, कारण इंग्रजांनी जवसाच्या दोऱ्याचं जे जे केलं, ते आपण कापसाच्या सुताचं आधीच करून बसलो आहोत. त्यांच्याकडे बिघडलेल्याला लाईनीवर आणतात, आपण सुतासारखा सरळ करतो. सूत्र धरणारा तो सूत्रधार, त्याचाच सुतार झाला. इंग्रजीत ‘लाईन’ हे इंचाच्या बाराव्या भागाचं जुनं माप होतं. आपल्या वर्कशॉपात इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, आणि दरवाजा "दोन सूत घासा" म्हटलं की सुतार बरोबर तेवढाच घासतो. इतकंच काय, गेटवर लाईन मारून काम फत्ते झालं, तर गाव म्हणतं, "त्यांचं सूत जुळलं." मी सुतावरून स्वर्ग गाठतोय असं वाटत असेल तर वाटू द्या. कपाशीच्या मुलखात राहून एवढाही गाठायचा नाही म्हणजे काय!

भुसावळला मात्र यातलं काही चालत नाही. तिथे लाईन एकच, लोखंडाची. मुंबईकडून येते आणि भुसावळला फुटते; एक खंडव्यावरून इटारसीकडे, दुसरी अकोल्यावरून नागपूरकडे. इतर गावांत सोयरिकीच्या बैठकीत "मुलगा कोणत्या लाईनला?" असं विचारलं की सायन्स, कॉमर्स, फार तर मेडिकल असं उत्तर येतं. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत मुलाचे वडील सरळ सांगतात, "खंडवा लाईनला." आणि समोरचे नाना, बशीतला चहा फुंकत, पुढचा प्रश्न टाकतात, "मालगाडीवर का मेलवर?"