नागपुरातली ताजी बिअर : कारंजा घाडगेकडून जाणाऱ्यांनी आधी बिल वाचायला शिकावे

फोनवर फिरणाऱ्या एका जाहिरातीत नागपुरातल्या एका मायक्रोब्रुअरीची, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या बारची, ताजी बिअर १९९ रुपयांत मिळते असे ठळक अक्षरांत लिहिले होते, आणि कारंजा (घाडगे) परिसरातल्या आम्हा चौघांना घराबाहेर काढायला तेवढे पुरेसे झाले. हा भाव संध्याकाळी सातपर्यंतच असतो, तो ३३० मिलिलिटरच्या लहान ग्लासाचा असतो, कर त्यावर वेगळा लागतो आणि शनिवार-रविवारी तो मुळीच लागू नसतो, यांपैकी एकही गोष्ट त्या जाहिरातीत नव्हती. आम्ही पोहोचलो शनिवारी, रात्री साडेआठच्या सुमारास. पुढे जे लिहिले आहे ते त्या रात्रीचा राग पुरता उतरलेला नसताना लिहिले आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे. आकडे मात्र बिलावरून उतरवलेले आहेत.

आमचा वर्धा जिल्हा सेवाग्रामच्या पुण्याईने १९७० च्या दशकापासून दारूबंदीत आहे. गडचिरोलीत बंदी १९९३ मध्ये आली, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठलीसुद्धा. वर्ध्याची आहे तशीच आहे. त्यामुळे इकडच्या माणसाचे बिअरचे ज्ञान जिल्ह्याची हद्द ओलांडून कोंढाळीच्या बाजूला घाईघाईने रिचवलेल्या स्ट्राँग बाटलीपुरते असते. चव, वास, फेस या गोष्टींसाठी कोणी पैसे मोजते हे आम्हाला ऐकून ठाऊक होते, पाहिले नव्हते.

जाण्याचा भाग सोपा आहे. अमरावती-नागपूर महामार्गावर एस.टी. बस बऱ्याच आहेत आणि अंतर सुमारे ७५ किलोमीटरचे असले तरी वाडीजवळच्या ट्रकांच्या गर्दीमुळे वेळ किती लागेल ते सांगता येत नाही. गणेशपेठच्या मुख्य स्थानकापर्यंत जाऊ नये. पश्चिम नागपुरात रात्र काढायची असल्यास रविनगर चौकात उतरावे, कारण धरमपेठ, शंकरनगर, रामदासपेठ हा खाण्यापिण्याचा सगळा पट्टा तिथून जवळ आहे. दुपारी आम्ही दीक्षाभूमी पाहिली, सीताबर्डीत खरेदी केली, मेट्रोने खापरीपर्यंत जाऊन परत आलो. ते सगळे छान झाले आणि त्यासाठी कोणाच्या सल्ल्याची गरज नाही.

मेट्रोबद्दल मात्र एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी पूर्ण झाला, वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटरची दुमजली रचना उभी राहिली, तिची गिनीज बुकात नोंद झाली. हे सगळे खरे आणि पाहण्यासारखे आहे. पण ही मेट्रो रात्री दहाच्या सुमारास बंद होते. शहराचा जो रात्रीचा बाजार वाढवायचा म्हणतात तो तर त्याच वेळी रंगात येतो. म्हणजे शहर तुम्हाला संध्याकाळी स्वस्त तिकिटात एलएडी चौकापर्यंत आणून सोडते आणि मध्यरात्री ऑटोवाल्याच्या हवाली करते. त्या ऑटोकडे पुढे येतो.

दारावर पहिला अडथळा चपलेचा. आमच्यापैकी दोघांच्या पायात चपला होत्या, आणि चपलेवर प्रवेश नाही असे सांगण्यात आले. शेजारच्या रस्त्यावरून स्वस्तातले बूट घेऊन यावे लागले. दुसरा अडथळा आम्ही चौघेही पुरुष असल्याचा. जोडप्याला प्रवेश मोफत आणि नुसत्या पुरुषांच्या टोळक्याला माणशी हजार रुपये ‘कव्हर’ म्हणजे प्रवेशशुल्क, असा शनिवारचा नियम होता. हे हजार रुपये खाण्यापिण्यात वळते होतील असे तोंडी सांगितले गेले. प्रत्यक्षात निम्मेच वळते झाले, आणि ते पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेले होते. तेव्हा किती रक्कम वळती होणार हे दारावरच लिहून मागावे, आणि लिहून देत नसतील तर तिथूनच परत फिरावे. त्या भागात दुसऱ्या जागा भरपूर आहेत. आधार कार्ड जवळ असावे, कारण राज्यात बिअरसाठी वयाची २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण लागतात. पिण्याचा परवानाही कायद्याने लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो, त्यावरून कोणी वाद घालू नये.

आता बिअर. काचेच्या भिंतीमागे स्टीलच्या उंच टाक्या दिसतात आणि त्याच टाक्यांतून ग्लास भरला जातो, एवढे तरी जाहिरातीने खरे सांगितले होते. महाराष्ट्रात हा प्रकार २००९ मध्ये पुण्यातून सुरू झाला आणि नागपुरात बराच उशिरा पोहोचला. बार्लीला मोड आणून, वाळवून केलेला माल्ट, हॉप्सची कडवट फुले, यीस्ट आणि पाणी एवढाच मूळ कच्चा माल असतो; फरक पडतो तो यीस्टने, माल्ट किती भाजला यावर आणि टाकीत किती दिवस ठेवले यावर. गव्हाची बिअर गढूळ असते. आमच्यातल्या एकाने ती खराब आहे म्हणून परत पाठवायला सांगितली, पण ती न गाळल्यामुळे तशीच असायची असते, आणि तिला येणारा पिकल्या केळ्याचा व लवंगेचा वास कशात काही मिसळून आलेला नसून यीस्टनेच तयार केलेला असतो. ती उत्तम होती. काळी स्टाउट तर माझ्या मते त्या जागेतली एकमेव अशी वस्तू होती जिच्यासाठी एवढ्या लांब यावे. भाजलेल्या माल्टमुळे कॉफीसारखा कडवटपणा आणि मागून येणारा किंचित गोडवा, आणि पहिल्याच घोटानंतर आमची चपलांवरची कटकट थांबली. आयपीए नावाची फार कडू बिअर असते ती पहिल्यांदा जाणाऱ्याने मागवू नये, पैसे वाया जातील.

संत्रा बिअरबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे, कारण आमचा भाग संत्र्याचा आहे आणि पाटीवर ‘नागपुरी संत्रा’ असे मोठ्या दिमाखाने लिहिले होते. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बेल्जियममध्ये गव्हाच्या बिअरमध्ये वाळवलेली संत्र्याची साल आणि धने घालण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे कल्पना काही वाईट नाही. आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या हंगामाच्या) फळाची ताजी साल योग्य वेळी टाकली तर वरूड, काटोल, कारंजा या पट्ट्यातल्या बागाइतदाराला एक नवे गिऱ्हाईक मिळू शकते. पण आमच्यापुढे आलेला ग्लास लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखा लागला. वेटरला विचारले तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले, “काका, बाटलीतलं सिरप टाकतात. साल कोण सोलत बसते?” तो पोरगा आर्वी तालुक्यातला निघाला. निकाल स्पष्ट आहे : संत्रा बिअर घेऊ नये, आणि घ्यायचीच असेल तर साल घालता की सिरप, हे विचारून घ्यावी.

आणखी एक धोका स्ट्राँग पिणाऱ्यांसाठी. बाटलीतल्या स्ट्राँगमध्ये आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतो, गव्हाच्या ताज्या बिअरमध्ये तो पाचच्या आसपास असतो. “चढतच नाही गड्या” म्हणत आपला माणूस ग्लासावर ग्लास मागवतो, आणि तिथेच बिल फुगते. आधी चाखण्यासाठी लहान ग्लासांचा ट्रे मागवावा, त्यातून एक प्रकार ठरवावा आणि त्यावरच थांबावे.

बिल असे होते. बिअर ३,००० रुपये, खाणे १,२०० रुपये, बाटलीबंद पाणी २०० रुपये. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क ४४० रुपये, बिअरवर दहा टक्के व्हॅट ३०० रुपये, खाणे व पाण्यावर पाच टक्के जीएसटी ७० रुपये, आणि सेवाशुल्कावर पुन्हा जीएसटी २२ रुपये. एकूण ५,२३२ रुपये. त्यातून कव्हरचे दोन हजार वजा झाले, पण चार हजार तर आम्ही दारावरच दिलेले होते, म्हणजे खिशातून जाणारी खरी रक्कम ७,२३२ रुपये होती. १९९ रुपयांच्या भावाने आठ ग्लासांचे १,५९२ रुपये होतात, हा हिशेब आम्ही बसमध्ये करून ठेवलेला होता.

यातल्या कोणत्या ओळीवर भांडावे आणि कोणत्या ओळीवर भांडू नये हे कळले पाहिजे, नाहीतर माणूस चुकीच्या ठिकाणी आवाज चढवतो आणि हसे करून घेतो. व्हॅटवर भांडू नये. परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावर नोव्हेंबर २०२३ पासून तो पाचाचा दहा टक्के झाला आहे आणि मालक तो सरकारलाच भरतो. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे बिअरच्या ओळीवर जीएसटी लावलेला दिसला तर मात्र लगेच बोट ठेवावे. पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून आरडाओरडा करण्यात अर्थ नाही, कारण हॉटेलात बसून घेतलेल्या पाण्याला छापील किमतीचे बंधन नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे; बसल्याबसल्या साधे पाणी मागावे, द्यावेच लागते.

सेवाशुल्काच्या ओळीवर मात्र अडून बसावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सेवाशुल्क बिलात आपोआप लावण्यास मनाई केली, दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती तत्त्वे कायम ठेवली, आणि हे शुल्क पूर्णपणे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे. आमच्या व्यवस्थापकाने आधी “सर, ते सिस्टममधून येते” असे सांगितले, मग “सगळीकडे हेच आहे” असे सांगितले, आणि शेवटी, आमच्यासोबतच्या भाच्याने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फोनवर लावायला घेतल्यावर, सेवाशुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून ४६२ रुपये कमी करून दिले. या सगळ्यात पाऊण तास गेला. ४६२ रुपयांसाठी एवढा वेळ घालवावा का, असे परत येताना एकाने विचारले. माझे मत असे की घालवावाच, कारण आर्वीच्या त्या पोराने बाहेर हळूच सांगितले की या शुल्कातला एक रुपयाही त्यांच्या हाती पडत नाही. त्याला आम्ही वेगळे शंभर रुपये दिले, ते सत्कारणी लागले.

पाऊण तासाचा खरा फटका ऑटोत बसला. मध्यरात्रीनंतर मीटर हा शब्द कोणी ऐकूनही घेत नाही. सीताबर्डीच्या लॉजपर्यंतच्या जेमतेम तीन किलोमीटरसाठी चारशे रुपये मागितले गेले आणि फोनवरची टॅक्सी येतो म्हणून दोनदा रद्द झाली. गावाकडच्या माणसाला तीन किलोमीटर चालणे काही जड नाही, आम्ही चाललो. मात्र नवे सिमेंटचे रस्ते जुन्या फुटपाथांपेक्षा आणि घरांच्या जोत्यांपेक्षा इतके उंच झाले आहेत की कडेला अंधारात पाय हमखास मुरगळतो, तेव्हा रस्त्याच्या मधोमध दिव्याखालून चालावे. पाऊस असेल तर चालू नये. स्वतःच्या गाडीने येऊन रात्रीच परतण्याचा विचार तर कोणी मनातही आणू नये : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि कोंढाळीपर्यंतच्या ट्रकांना तुमच्या स्टाउटची चव ठाऊक नसते.

लॉज दुपारीच ठरवावा. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन असताना आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर गर्दी असताना खोली मिळत नाही, मिळाली तर दुप्पट भावाने मिळते. शनिवार टाळून मंगळवार-बुधवारी चार वाजता जावे. तेव्हा कव्हर नसते, कानठळ्या बसवणारा डीजे नसतो आणि जाहिरातीतला भाव खरोखर लागतो, हे मला त्याच वेटरने सांगितले. जेवण तिथे मुळीच करू नये. त्याच पैशांत महाल किंवा गांधीबाग भागात सावजी मटणाचे पोटभर जेवण दोघांचे होते आणि चवीत तुलनाच नाही.

परतताना बिअरचा सीलबंद डबा घरी नेण्याचा मोह एकाला झाला होता. न गाळलेली ताजी बिअर थंड ठेवली नाही तर लवकर बिघडते, हे एक कारण. दुसरे असे की हद्दीच्या अलीकडे वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे डबा ताजा होता की शिळा हे पोलीस विचारत नाहीत. सकाळी तर्री पोहे खाऊन रिकाम्या हाताने बस धरावी. उशीर केला तर रविनगरला बसायला जागा मिळत नाही आणि थेट कोंढाळीपर्यंत उभे राहावे लागते.