जुनी तूरडाळ आणि चकोल्या

भाजीची टोपली रिकामी, बाहेर पाऊस कोसळतोय, आणि लेकीला कडकडून भूक लागलेली. डब्यांत होतं ते इतकंच: वाटीभर तूरडाळ, कणीक, थोडा लसूण, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, चिंच, गूळ आणि सोलापूरहून आईने पाठवलेलं काळं तिखट. एवढ्यात चकोल्या होतात. काही ठिकाणी ज्यांना वरणफळं म्हणतात, त्याच.

कणकेत हळद, तिखट, मीठ, ओवा आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवली. ते काम चुटकीसरशी झालं. अडलं डाळीपाशी.

कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. झाकण काढलं तर डाळ जशीच्या तशी. वर पिवळं पाणी, खाली सुटे दाणे. पुन्हा लावला. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, तरी दाणा बोटात दाबला की मधे कचकच लागायचीच. लेक दर पाच मिनिटांनी ओट्यापाशी येऊन विचारायची, "बाबा, झालं का?" आणि मला दुकानदाराचा संताप येत होता. "नवा माल आहे, साहेब" असं छातीठोकपणे सांगून त्याने ही डाळ दिली होती. दिसायला चकचकीत, पण उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिलेली डाळ आतून अशी कडक होते की ती कितीही उकळली तरी लवकर मऊ होत नाही. गिऱ्हाइकाचा गॅस जळतो, वेळ जातो, मूल ताटकळतं, आणि दुकानदाराला त्याचं सोयरसुतक नसतं. हा राग अजून गेलेला नाही.

आमच्याकडे पाणीही टँकरचं, जड. त्यातल्या कॅल्शियममुळे डाळ आणखी उशिरा शिजते. शेवटी आईला फोन केला.

"चिंच घातलीस का?"

"नाही अजून."

"मग वाचलास. चिमूटभर खायचा सोडा टाक, वरून उकळतं पाणी घाल, गार नको. आणि डाळ घोटल्याशिवाय आंबट काही घालू नकोस."

सोडा चिमूटभरच घालायचा. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि डाळीतलं ब जीवनसत्त्वही जातं. पिण्याच्या फिल्टरचं पाणी उकळून घातलं, सोडा टाकला, आणि पुढच्या खेपेला झाकण काढलं तेव्हा रवी फिरवताच डाळ एकजीव झाली. तो पिवळा, दाट घोट बघून जो हायसेपणा वाटला, तो गाडी सुटता सुटता पकडल्यावरच वाटतो.

पुढचं सगळं पटापट झालं. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण चांगला लाल होऊ दिला, त्यावर काळं तिखट, भाजून कुटलेलं खोबरं, मग डाळ, मीठ, चिंचेचा कोळ आणि गूळ. पाणी सढळ हाताने घाला, कारण चकोल्या ते पिऊन घेतात. पोळी पातळ लाटून शंकरपाळ्यांसारखी कापायची, आणि आमटी खळखळून उकळत असतानाच तुकडे एकेक करून सोडायचे. एकदम ओतले की गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत शिजतात. वरून तूप. लेकीने दोनदा मागून घेतल्या, आणि मला त्याचा खरोखर अभिमान वाटला.

एक आधीच सांगायला हवं होतं: कुकर लावण्यापूर्वी डाळ तासभर कोमट पाण्यात भिजवा आणि दाणा नखाने तोडून बघा. सहज तुटला नाही तर डाळ जुनी समजा आणि सोड्याची तयारी ठेवा. दुकानातही डाळीचा रंग आणि चकाकी बघून भुलू नका, पाकिटावरची पॅकिंगची तारीख बघा. सुटी घेत असाल तर आधी पावशेरच घ्या, शिजवून बघा, मग महिन्याची भरा.

ती उरलेली डाळ मी रात्रभर भिजवून, मिरची-जिरं घालून वाटली आणि धिरडी केली. वाटल्यावर तिचा कडकपणा आड येत नाही.