तुम्ही विचारलंत म्हणून: लेटरप्रेससाठी डिझाइन कसं करायचं?

"स्क्रीनवर एवढं छान दिसतंय, मग लेटरप्रेसला का चालत नाही?" कार्डाचं डिझाइन घेऊन येणारे बहुतेक जण मला हेच विचारतात.

लेटरप्रेस म्हणजे उठावाच्या प्लेटला शाई लावून ती कागदावर दाबून केलेली छपाई. तिच्या प्लेटवर भाग दोनच: उठावाचा आणि खोलगट. उठावाला शाई लागते आणि तोच कागदात रुततो. अधलंमधलं काही नाही. त्यामुळे ग्रेडियंट (हळूहळू फिका होत जाणारा रंग) आणि मऊ सावल्या आधीच काढून टाका. राखाडी हवा असेल तर शाई राखाडी घ्या, फाइलमध्ये मात्र तो भाग १०० टक्के काळाच ठेवा. प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते आणि कागद मशीनमधून पुन्हा न्यावा लागतो. मी तर एकाच रंगाचा आग्रह धरते.

खरी काळजी बारीक रेघांची. फोटोपॉलिमर, म्हणजे प्रकाशाने कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या प्लेटवर डिझाइनच्या निगेटिव्ह फिल्ममधून प्रकाश पडतो तेवढा भाग कडक होतो, बाकीचा पाण्याने धुऊन जातो. अगदी बारीक रेघेला पाया पुरत नाही. धुताना ती वाकते, नाहीतर निघूनच जाते. म्हणून रेघ किमान ०.२५ पॉइंटची हवी (एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग). सॉलिडमधली, म्हणजे सलग शाईच्या भागातली, पांढरी रेघ मात्र ०.५ पॉइंटच्या वरच ठेवा, कारण दाबाखाली शाई कडेने पसरते आणि फट बुजवते.

देवनागरीत हे फार जपावं लागतं. लहान टाइपात 'भ'च्या डोक्यावरची फट शाईने भरली की 'शुभ'चं 'शुम' होतं. 'ध' आणि 'घ'चंही तेच. डिझाइन ४०० टक्के मोठं करून हे कळत नाही. छापायचं त्याच मापात साधी प्रिंट काढा आणि हातभर अंतरावरून वाचा. शंका आली तर मोकळ्या वळणाचा फॉन्ट निवडा.

मोठं सॉलिड आणि नाजूक मजकूर एकाच प्लेटवर नको. सॉलिडला शाई भरपूर लागते, तेवढी मजकुराला दिली तर अक्षरं लडबडतात. शिवाय ज्या ठशासाठी आपण एवढा खटाटोप करतो, तो उठून दिसतो भोवती कोरा कागद असला तरच. गडद कागदावर फिकट शाईही नको, खालचा रंग तिच्यातून दिसतो.

फाइल व्हेक्टरमध्ये (ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेली), फॉन्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून द्या. हाताने काढलेलं चित्र असेल तर १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके), निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करा. छपाई कडेपर्यंत जात असेल तर चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेघेबाहेर वाढवलेलं डिझाइन, सोडा.