तुम्ही विचारलंत म्हणून: दालचिनीचं काय ते सांगते

"काकू, काय घालतासा ओ त्या काडीला?"

पाऊस लागला की आमच्या वडगावच्या गल्लीत हा प्रश्न ठरलेला. माझ्या दारात गुलाबाच्या आठ-दहा कुंड्या आहेत, सगळ्या काडीपासून केलेल्या. मी "दालचिनी" म्हणते, विचारणारीचं समाधान होतं, आणि महिन्याभरानं ती काळी पडलेली काडी घेऊन परत येते. चूक माझीच. एका शब्दात उत्तर दिलं की असंच व्हायचं.

दालचिनीनं मुळं फुटत नाहीत. ती बुरशी आवरते, तेवढंच तिचं काम. ओल्या कापावर बुरशी धरली की काडी खालून काळी पडत वर जाते. आणि बेळगावात जुलै-ऑगस्टची हवा अशी, की कपाटातल्या चामड्याच्या चपलेवरही बुरशी येते. काडीचं काय घेऊन बसलात! म्हणून काप कोरफडीच्या गरात बुडवायचा आणि वर चिमूटभर दालचिनीची पूड. गरामुळं काप लगेच सुकत नाही, पूडही चिकटून बसते. शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या. त्यांच्याकडं कोरफड म्हणजे लोळेसर आणि दालचिनी म्हणजे चक्के, पण औषध तेच. मधही लावून पाहिला. मधानं जंतू मरतात हे खरं, पण मुंग्यांनी रातोरात कुंडी उकरून ठेवली. बटाट्यात काडी खोचायचा प्रकार तर विचारूच नका. बटाटा कुजला, काडी कुजली, आणि एका कुंडीत चक्क बटाट्याचं झाड आलं.

मुळं फोडणारं द्रव्य काडीतच असतं. त्याला ऑक्सिन म्हणतात. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ते तयार होतं, तिथून खाली उतरतं आणि कापापाशी साचतं. दुकानात मिळणारी पावडर, आयबीए म्हणतात ती, त्याच्याच भावकीतली. गावठी गुलाबाला तिची गरज पडत नाही. पण म्हणूनच सगळी पानं ओरबाडून काढू नयेत, वरची दोन ठेवावीत; फार मोठी असली तर अर्धी कापावीत. आणि म्हणूनच काडी उलटी लावून चालत नाही. अक्कांनी एकदा पाचच्या पाच उलट्या लावल्या होत्या. हसू नका, पानं काढल्यावर काडीचं डोकं कुठलं नि पाय कुठला हे पटकन कळत नाही. काटा बघावा, त्याचं टोक बहुतेक खाली वळलेलं असतं. मी आता खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घेते, म्हणजे घोळ नाही.

काडी घ्यायची ती नुकतंच फूल होऊन गेलेल्या फांदीची. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळे, म्हणजे पानाच्या बेचक्यातले कोंब, असलेली. वाकवली तर थोडी वाकावी, लुळी पडू नये. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. गुलकंदाचा वासाचा गुलाबी सगळ्यात सोपा. बाजारातले मोठ्या फुलांचे बहुतेक डोळा भरलेले असतात, म्हणजे मुळं एका गुलाबाची आणि फूल दुसऱ्याचं. त्यांच्या काड्या लागतात, पण दहातल्या दोन-तीन. नि खुंटाचा, म्हणजे खालच्या मुळांच्या गुलाबाचा, फुटवा आपला समजून लावलात तर वर्षभर सांभाळून भलतंच फूल बघाल. लग्नातल्या गुच्छातल्या लांब दांड्यांचंही विचारता. मी अकरा लावल्या होत्या, अकराही गेल्या.

मातीत शेणखत घालू नका. मुळं नसलेल्या काडीला खायला घालून काय उपयोग? तांबडी माती, निम्मी वाळू आणि भाताचं अर्धवट जळलेलं काळं तूस. खानापूर रस्त्याला भाताची कमतरता नाही, त्यामुळं तूस मिळतं. कुंडीला भोक हवंच.

आता ज्या गोष्टीनं माझ्या सर्वात जास्त काड्या गेल्या ती सांगते. बाराव्या-पंधराव्या दिवशी डोळा फुगतो, तांबूस पानं येतात, आणि आपण सगळ्या गल्लीला बोलावून दाखवतो. मुळं तेव्हा नसतात! काडीनं आपल्या पोटातल्या साठ्यावर ती पानं काढलेली असतात. कापाच्या तोंडाला पांढरट दाणेदार गाठ धरलेली असते एवढंच. मुळं त्यानंतर, काडी लावल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांनी. पानं पाणी उडवतात, खालून येत काहीच नाही. त्या दिवसांत ऊन दाखवलं की संध्याकाळी मान टाकते. म्हणून तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली काडीवर पालथी घालायची, बूच काढून ठेवायचं, आणि कुंडी सावलीत. आतून बाटली दवाळलेली दिसली की पाणी घालायचं नाही.

आणि उपटून बघायचं नाही. मी एका वर्षी विसाव्या दिवशी सहाही काड्या उकरल्या. एकीला मूळ आलं होतं, शेवयाच्या काडीसारखं पांढरं. हातातच तुटलं. तेव्हापासून एक काडी मुद्दाम पारदर्शक ग्लासात लावते, भोवती काळं फडकं गुंडाळते. बघायचंच झालं तर फडकं सोडून बघते. ग्लासाच्या भिंतीला पांढरा धागा दिसला की बाकीच्यांचंही तसंच चाललं असेल असं धरते. मग रोज थोडा थोडा वेळ बाटली काढून ठेवायची, आठवड्यानं कायमची, आणि सकाळचं कोवळं ऊन.

पहिली कळी खुडून टाकावी म्हणतात, म्हणजे ताकद मुळाला जाते. बरोबर आहे. गेल्या वर्षी माझ्यानं खुडवली नाही. म्हटलं, एक दिवस बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर देठ रिकामा, आणि अक्का वेणीत फूल माळून नळाला उभ्या.